पिठाचे डोके

गेल्या दिवाळीत आमच्या स्वयंपाकघरात एका परक्या पक्वान्नाने प्रवेश केला. आमच्या माडीवरच्या खोलीत एक अफगाण विद्यार्थी राहतो. पुण्यात असे विद्यार्थी बरेच आहेत. त्यांचे आता कुणाला नवल राहिलेले नाही. वसुबारसेच्या संध्याकाळी आमच्याकडे करंज्यांचा घाट घातला होता. घरातली चार माणसे पोळपाटाभोवती बसून कुणी लाटीत, कुणी सारण भरीत, कुणी कातणे फिरवीत होती. तो जिना उतरताना दारात थबकला आणि बराच वेळ पाहत उभा राहिला. मग म्हणाला, "काकू, आमच्याकडे पण असंच बसतात. सगळे मिळून. आम्ही मंतू करतो."

"मग एक दिवस करून दाखव की," सौ. म्हणाली.

तो जरा घुटमळला. "पण काकू, त्यात गोश्त असतं."

आमचे घर माळकऱ्यांचे आहे, हे त्याला ठाऊक होते. दुसऱ्या दिवशी तो लाल भोपळ्याची एक मोठी फोड घेऊन आला. भोपळा आणि कांदा त्याने बारीक चिरला, त्यात मिरपूड घातली, पातळ लाटलेल्या पोळीचे चौकोन कापून प्रत्येकात चिमूट चिमूट सारण ठेवले आणि चारी टोके जुळवून मिटली. मग ते सारे आमच्या मोदकपात्रात उकडायला ठेवले. वर लसणाचे दही, शिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि वाळलेला पुदिना. आम्ही सगळ्यांनी आवडीने खाल्ले. नातीने तर माझ्या ताटातलेही उचलले.

मी जन्मभर शाळामास्तर होतो. नवा शब्द कानावर पडला की त्याची जात-कुळी विचारल्याशिवाय मला राहवत नाही. मी म्हटले, "मोदक म्हणजे मोद देणारा. करंजी करंजाच्या शेंगेसारखी दिसते म्हणून करंजी, असं आम्ही सांगतो. तुझा मंतू म्हणजे काय रे?"

तो हसला. "मंतू म्हणजे मंतू, काका."

उत्तर काही वाईट नव्हते. पण माझे समाधान झाले नाही, आणि दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत मी त्या शब्दाच्या मागे लागलो.

शब्द मोठा प्रवासी निघाला. काबूलचा मंतू हा उझबेकांकडे आणि कझाकांकडे मंती होतो. तुर्कस्तानातही तो मंतीच. तिथल्या कायसेरी शहराची मंती इतकी लहान, की एका चमच्यात चाळीस मावल्या पाहिजेत, असे तिथले लोक अभिमानाने सांगतात. आर्मेनियन माणसे तीच मंती होडीच्या आकाराची, वरून उघडी करतात आणि भट्टीत भाजतात. पूर्वेला जावे तर कोरियात मांडू, जपानात मांज्यू, आणि चीनमध्ये मांतोऊ. मंगोल बादशहाच्या दरबारातल्या हू सह्वे नावाच्या आहारतज्ज्ञाने १३३० मध्ये एक ग्रंथ सादर केला. त्यात मांतोऊचे कितीतरी प्रकार आहेत, अगदी वांग्याचासुद्धा. शब्द चीनमधून पश्चिमेला गेला की तुर्की मुलखातून चीनमध्ये आला, याविषयी पंडितांचे एकमत नाही. पण तो त्या लांबच लांब व्यापारी वाटेवर कुणाच्या तरी शिदोरीत बांधून गेला, एवढे उघड आहे.

जाताना आतले सारण मात्र तेच राहिले नाही. चीनच्या उत्तर भागात आज मांतोऊ म्हणजे आत काही नसलेला, वाफवलेला पांढरा पाव. शांघायच्या बाजूला जुनी माणसे अजूनही सारण भरलेल्यालाच मांतोऊ म्हणतात. जपानात तो गोड झाला. चौदाव्या शतकात चीनमधून नारा शहरात आलेल्या लिन नावाच्या गृहस्थाने बौद्ध भिक्षूंना मांस चालत नाही म्हणून आत गोड पुरण भरले, अशी तिथली परंपरा आहे. त्याच्या नावाने नाऱ्यात एक लहानसे देवालयही आहे. म्हणजे आमच्या विद्यार्थ्याने आमच्यासाठी भोपळा आणला, तसेच त्या लिनने सहाशे वर्षांपूर्वी भिक्षूंसाठी केले होते. ही दोन सारणे पाहुणचारातून निघाली.

आता नावाचा अर्थ. मांतोऊमधला 'तोऊ' म्हणजे डोके. आणि 'मान' म्हणजे? आज तो शब्द ज्या अक्षराने लिहितात त्याच्या डाव्या अंगाला अन्नाचे चिन्ह असते, त्यावरून खाण्याच्या वस्तूपलीकडे काही बोध होत नाही. पण चिनी माणसे सांगतात, की पूर्वी तिथे दुसरे अक्षर होते. उच्चार तोच, अर्थ 'दक्षिणेकडचे रानटी लोक'. त्या अक्षराच्या तळाशी किड्याचे चिन्ह आहे. तर मांतोऊ म्हणजे रानट्याचे डोके! भोपळ्याचे ते नाजूक गाठोडे आठवून माझ्या अंगावर काटा आला.

त्यामागची कथा अशी. इसवी सन २२५. चीनची तेव्हा तीन राज्ये झाली होती. त्यांपैकी शू राज्याचा महामंत्री जूगे ल्यांग याने दक्षिणेवर, म्हणजे आजच्या युन्नानच्या बाजूला, स्वारी केली. तिथला नायक मंग ह्वो याला सात वेळा पकडून सात वेळा सोडून दिले आणि अखेर त्याचे मन जिंकले, म्हणतात. परतताना लू नदी आडवी आली. वारे सुटले, लाटा उसळल्या, सैन्याला पाऊल टाकता येईना. तिथल्या लोकांनी सांगितले, की नदीत बुडून मेलेल्यांचे आत्मे खवळले आहेत. एकोणपन्नास माणसांची डोकी वाहिली तरच ते शांत होतील. जूगे ल्यांग म्हणाला, की या माणसांच्या मरणाचा दोष माझाच आहे; आता त्यांच्यासाठी आणखी माणसे मारणार नाही. त्याने आचाऱ्यांना बोलावले. कणीक तिंबून माणसाच्या डोक्याच्या आकाराचे गोळे करायला लावले, आत बैलामेंढ्यांचे मांस भरले. रात्री काठावर एकोणपन्नास दिवे लावून त्याने ती पिठाची डोकी नदीला वाहिली आणि मेलेल्यांसाठी मोठ्याने रडला. सकाळी नदी शांत होती.

ही कथा खरी घडली, असे मी म्हणणार नाही. तिचा हा विस्तार चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानजोंगच्या नावावर असलेल्या कादंबरीतला आहे, आणि कथेचा उगम फार तर अकराव्या शतकातल्या ग्रंथापर्यंत मागे नेता येतो. जूगे ल्यांगच्या काळाला जवळ असलेल्या इतिहासात तिचा उल्लेख नाही. मांतोऊ हा शब्द मात्र तिसऱ्या शतकाच्या अखेरीस शू शी नावाच्या कवीने पिठाच्या पदार्थांवर रचलेल्या काव्यात येतो. म्हणजे पदार्थ आधीचा, गोष्ट मागाहूनची. नावाला अर्थ हवा म्हणून कुणीतरी ती जुळवली असेल. पण लोक गोष्ट जुळवतात तेव्हा मनात घोळणारा एखादा प्रश्नच त्या गोष्टीत घालतात. काही चिनी माणसे तर 'मान' हे फसवणे या अर्थाचे अक्षर होते असेही सांगतात. उच्चार पुन्हा तोच. मग मांतोऊ म्हणजे फसवणुकीचे डोके.

इथे मला आमच्या गणपतीचा मोदक आठवला. मोदकही पूर्वेला गेला आहे. जपानात गणपतीला कांगितेन म्हणतात, आणि त्याला वाहायचा तळलेला, पुरचुंडीसारखा एक पदार्थ आहे, कांगिदान. 'कांगि' म्हणजे आनंद, 'दान' म्हणजे गोळा. मोदकाचा आवाज वाटेत गळाला आणि अर्थ तेवढा पोहोचला. मंतूचे नेमके उलट झाले. त्याचा आवाज काबूल, कायसेरी, सोलपर्यंत पोहोचला आणि अर्थ वाटेत गळाला. आनंद कुणीही बरोबर घेऊन जातो. कापलेले डोके ताटात कोण वाढून घेईल?

पण मला नावापेक्षा त्या फसवणुकीने छळले. जूगे ल्यांगने नदीला फसवले काय? डोके कबूल करून, किंवा निदान डोक्याचा देखावा करून, कणीक द्यायची, ही लबाडी नव्हे काय? आणि लबाडी असेल, तर एकोणपन्नास जीव वाचवणारी लबाडी पुण्य की पाप?

आपण मराठी माणसे या प्रश्नाला परकी नाही. आपण देवाला नारळ वाहतो. त्याला शेंडी असते, डोळे असतात. तो कशाच्या जागी आहे हे समजायला पंडित लागत नाही. कोहळ्याला हळदकुंकू लावून तो एका घावात कापतात, तो कशाच्या ऐवजी, हेही उघड आहे. माध्व परंपरेत यज्ञाला खऱ्या पशूऐवजी पिठाचा पशू चालतो. आणि याला कडाडून विरोध करणारी कथाही आपल्याकडेच आहे.

जैन वाङ्मयातली ही यशोधर राजाची कथा. सोमदेवसूरीने ९५९ मध्ये पुरा केलेल्या 'यशस्तिलका'त ती आहे. त्याच शतकात पुष्पदंताने ती अपभ्रंशात सांगितली. राजाने आईला वाईट स्वप्न पडल्याचे सांगितले. त्याच्या आईने सांगितले, की देवीला बळी दे म्हणजे अरिष्ट टळेल. राजा अहिंसा मानणारा; तो तयार होईना. आई हट्ट सोडीना. शेवटी तडजोड निघाली. कणकेचा कोंबडा करायचा आणि त्याचा बळी द्यायचा. तसे झाले. रक्ताचा थेंब सांडला नाही. तरी त्या कणकेच्या कोंबड्यापायी आई आणि मुलगा जन्मोजन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरले. मोर झाले, कुत्रा झाले, शेवटी कोंबडाकोंबडीही झाले, आणि प्रत्येक जन्मी कुणाच्या तरी हातून मारले गेले. कारण कोंबडा पिठाचा असला तरी मारण्याचा संकल्प खरा होता.

एक कणीक चीनमध्ये एकोणपन्नास जीव तारते, दुसरी कणीक उज्जयिनीच्या राजाला बुडवते. दोघांचा आटा एकच, कृती एकच. मग फरक कुठे?

जैन पंडित म्हणतील, संकल्पात. एकाला मारायचे नव्हते, दुसऱ्याला मारायचे होते. पण कथेतल्या यशोधरालाही मारायचे नव्हतेच. तो बिचारा आईचे मन राखीत होता. संकल्प ही फार खोल विहीर आहे, तिचा तळ दुसऱ्याला दिसत नाही आणि पुष्कळदा स्वतःलाही दिसत नाही. मला याहून हाताला लागेल असे माप हवे होते. ते मला कुठल्या ग्रंथात सापडले नाही. ते माझ्या आजोबांपाशी होते.

कोकणातले आमचे गाव. गावदेवीच्या जत्रेला आमच्या घराण्याचा बोकड असे. किती पिढ्यांचा, कुणास ठाऊक. आजोबा पंढरीला गेले आणि तुळशीची माळ घालून आले. माळकऱ्याने बोकड कापायचा कसा? आणि घराण्याचा मान मोडायचा कसा? त्या वर्षी जत्रेला आजोबांनी बोकडाच्या जागी नारळ ठेवला. थोरल्या आजोबांनी चारचौघांत सांगितले, "हे देवीला फसवणं आहे." आजोबा काही बोलले नाहीत.

त्याच पावसाळ्यात माझा धाकटा काका घटसर्पाने गेला. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, तो सहा. नात्याने काका, पण आम्ही एकाच पाटावर जेवत असू. नदीला पूर होता, पलीकडे डॉक्टरकडे नेता आले नाही. गावात जे बोलायचे ते लोक बोललेच. घरात आजी एकदाच बोलली, "शेवटी डोकं गेलंच की." मी चुलीमागे बसलो होतो. ते वाक्य मी साठ वर्षे विसरलेलो नाही.

पुढच्या जत्रेच्या आदल्या दिवशी थोरल्या आजोबांनी एक बोकड आणून आमच्या खुंट्याला बांधला. सगळा गाव पाहत होता. आजोबांनी सकाळी उठून त्याला पाणी पाजले, दावे सोडले आणि थोरल्या आजोबांच्या अंगणात नेऊन बांधले. मग नारळ घेऊन ते देवळात गेले. कुणीतरी वाटेत हटकले, "पोर गेलं तरी शहाणा होत नाहीस?" आजोबा म्हणाले, "देवीनं पोर नेलं असं मी म्हणणार नाही. ती आई आहे." दोन्ही घरांत त्यानंतर कितीतरी वर्षे पाण्याची देवघेव नव्हती.

मला वाटते, माप इथे आहे. खऱ्या वस्तूच्या जागी दुसरी ठेवताना उरलेली किंमत कोण भरतो, ते पाहावे. यशोधराला यज्ञाचे फळ हवे होते आणि त्याची किंमत द्यायची नव्हती; आईही राखायची, व्रतही राखायचे, आणि मधल्या मध्ये कणकेचा कोंबडा. जूगे ल्यांगने पिठाची डोकी वाहिली तेव्हा नदी खवळली असती तर ती त्याच्यावर खवळली असती, आणि त्या मेलेल्यांचा दोष माझा, असे त्याने आधीच म्हटले होते. माझ्या आजोबांनी नारळ ठेवला आणि उरलेली किंमत आपल्या उरावर घेतली. फसवणारा माणूस किंमत दुसऱ्याच्या खात्यावर मांडतो. तेवढ्यावरून दोघे ओळखता येतात.

इतके लिहून मी थांबलो असतो तर बरे झाले असते. पण मापाला दोन ठिकाणी तडा आहे, आणि तो लपवणे म्हणजे वाचकालाही कणकेचे डोके देण्यासारखे होईल.

पहिला तडा आजीचा. आजोबांनी किंमत भरली खरी, पण एकट्यांनी नाही. आजीला त्यांनी विचारले नव्हते. मुलगा तिचाही होता, भीती तिची होती, आणि वर्षभर गावातल्या बायकांच्या नजरा पाणवठ्यावर तिनेच झेलल्या. नदी खवळली असती तर जूगे ल्यांगबरोबर त्याचे शिपाईही बुडालेच असते, आणि त्यांनाही कुणी विचारले नव्हते. मोठी माणसे चांगल्या कामाची किंमत भरतात तेव्हा त्यांच्या शेजारी बसलेले कुणी मुकाट्याने आपलाही वाटा भरत असते, आणि कथेत त्याचे नाव येत नाही. आजी पुढे आजोबांबरोबर पंढरीला जाऊ लागली. तिने माळ मात्र घातली नाही. का, ते मी विचारले नाही. आता विचारायला ती नाही.

दुसरा तडा त्या नावातला. डोकी वाचली, पण कुणाची? रानट्यांची, असे नाव म्हणते. ज्यांचा मुलूख जिंकला त्यांचीच डोकी, आणि अक्षराच्या तळाशी किडा. पुढे किडा गेला, त्या जागी अन्नाचे चिन्ह आले. दोन हजार कोसांवर तर नावाला अर्थच उरला नाही. आमचा विद्यार्थी म्हणतो, मंतू म्हणजे मंतू. हे विसरणे चांगले की वाईट? बरेच दिवस मला ते वाईट वाटत असे. अपमान करणाऱ्याने पुरावा खाऊन टाकावा, तसे. आता वाटते, जिथे नाव खाणाऱ्याच्या तोंडी केवळ आवडीचे होते, तिथे ती अदलाबदल पुरी झाली. डोक्याची आठवणही कुणाला छळत नाही. पण ज्याने नाव ठेवले त्याच्या घरात तरी ती कुणीतरी ठेवावी. खाणाऱ्याने विसरावे. वाढणाऱ्याने विसरू नये.

माझ्या अफगाण मित्राला मी ही सगळी गोष्ट सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, "काका, माझ्या आईला हे नको सांगूया." आणि आम्ही दोघे हसलो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंग झाल्यावर मी रिवाजाप्रमाणे तुळशीपाशी कारीट ठेवले. नात डोळे चोळीत उभी होती. डाव्या पायाचा अंगठा त्या चिमुकल्या हिरव्या फळावर ठेवून तिने मला विचारले, "आजोबा, हे कोण आहे?"

"नरकासुर," मी म्हणालो.

"आणि खरा?"

मी उत्तर देण्याआधी तिने कारीट फोडले. त्याची एक कडू बी मी जिभेला लावली, तिच्याही लावली. तिने तोंड वाकडे केले आणि फराळासाठी आत धावली.

आत करंज्यांचा डबा उघडल्याचा आवाज आला. यंदा पिठाचा हिशेब थोडा चुकला होता, सौ.ने वाढीव कणीक मळून ठेवली होती, माडीवरच्या मुलासाठी. भोपळाही आणला होता.